काचशाळा सोमवारपासून बंद

मजकूर शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत द्यावा,
असं मी दर आठवड्याला छापते
आणि दर आठवड्याला लोक साडेचारला येतात,
धापा टाकत, एका ओळीची बातमी घेऊन,
जणू तिच्यावाचून नदीचं पाणी अडलंय.

जून लागला. तार्तूत आता अंधार
रात्री अकरानंतर कामावर येतो, तोही अर्धवेळ.
ग्रंथालयामागे लायलॅक फुललीय.
मुली परीक्षेआधी पाच पाकळ्यांचं फूल शोधतात,
सापडलं की चावून खातात.
पास झालेल्या सांगतात, कडू असतं.
नापास झालेल्याही तेच सांगतात.

सुट्टीआधीचा हा शेवटचा अंक.
सायकलींची शेड बंद: आत थिरथिऱ्याने घरटं केलंय,
कुलगुरूंच्या सहीनिशी त्याला तीन आठवड्यांची मुदत.
गायनवृंदाला खर्जाचे दोन आवाज हवेत, तातडीने.
मिर्तेल कासिकचा प्रबंध, दलदलीतल्या शेवाळाचा श्वास,
मंगळवारी दहाला जाहीर चर्चा, सर्वांना आमंत्रण.
सर्वांना म्हणजे आई, मावशी
आणि ते एक निवृत्त गृहस्थ, जे कुठल्याही विषयाला येतात,
पहिल्या रांगेत बसतात, मान डोलावतात
आणि केक कापेपर्यंत हलत नाहीत.

मग वेल्लो आला. चार पस्तीस.
रसायन विभागाचा काच फुंकणारा, एकेचाळीस वर्षं.
गाल सैल पडलेले, रिकाम्या पिशवीसारखे.
चिठ्ठी सरकवली. त्यावर तीन शब्द:
काचशाळा सोमवारपासून बंद.

म्हटलं, अहो, निरोपसमारंभ? फोटो?
विभागप्रमुख दोन शब्द बोलतील.
"ते दोन शब्द मला पाठ आहेत," तो म्हणाला,
"लिफ्ट बसवली तेव्हा तेच बोलले होते."
मग उरलेल्या जागेत काय घालू?
"हवामान घाल."

घातलं. मंगळवारी तुरळक सरी.
त्याचे तीन शब्द चौथ्या पानावर, तळाशी,
हरवलेल्या डाव्या हातमोज्याच्या खाली.
(हातमोजा फेब्रुवारीतला. मालकीण चिवट आहे.)
ऱ्हस्वदीर्घ तपासलं आणि गप्प बसले.
माझी नोकरी तेवढीच आहे.

सोमवारी आठ वाजता तळघराच्या जिन्यावर रांग होती.

कोणी ठरवलं, कोणाला ठाऊक.
पुढे मिर्तेल, हातात तडा गेलेली नळी,
तीच, जिच्यात तिचं शेवाळ चार वर्षं श्वास घेत होतं.
भौतिकशास्त्राचे म्हातारे सर, कॉफीच्या भांड्याची तोटी रुमालात गुंडाळून.
खानावळीतली आइनो, साखरदाणीचे तीन तुकडे,
चौथा सापडला नाही म्हणून आधीच ओशाळलेली.
एका पोराच्या हातात साधा पाण्याचा पेला.
त्याने तो काल रात्री मुद्दाम फोडला असावा.
आणि मी. माझं काहीच फुटलं नव्हतं.
बातमी घ्यायला आले, असं सांगायचं ठरवलं होतं.

वेल्लो किल्ली परत करायला आला होता, अंगात बरा कोट.
जिना बघितला. एक शिवी हासडली,
जी मी छापू शकत नाही, पण जपून ठेवलीय.
मग कोट काढून माझ्याच हातात दिला.
गॅस पेटल्याचा तो भप्प आवाज,
आणि वरच्या पायरीवर कोणीतरी हसलं, नाक ओढत.

कोट जड होता. खिशात पेपरमिंट होत्या.
मी उभी राहिले दुपारपर्यंत.

आता पुढचा अंक सप्टेंबरात. तोवर हे कुठे छापू?
म्हणून फलकावर हातानेच लिहून टाचलं,
थिरथिऱ्याच्या मुदतीशेजारी:

दुरुस्ती. गेल्या अंकात, पान चार,
"सोमवारपासून" असे छापले गेले आहे.
वाचकांनी ते "गुरुवारपासून" असे वाचावे.
मंगळवारी सरी आल्या नाहीत.
नळी टिकली.
हातमोजा अद्याप सापडलेला नाही.